एकटीला पोचवायला बसभर माणसं

‘बायकांनी परदेशात एकटीनं प्रवास करताना घ्यायची काळजी’ असा विषय दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला दिला आणि वर ‘जरा खुसखुशीत लिहा’ असंही सांगितलं. विषय माझ्या हक्काचा आहे. नव्वदच्या दशकात सुरतेत रिंग रोडवरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात मी ही काळजी दिवसभर वाटत असे. लंडनला, आफ्रिकेला, अमेरिकेला निघालेल्या कितीतरी बायकांना मी विमानातला पट्टा कसा लावायचा, संडासाची कडी कशी सरकवायची आणि गोऱ्या माणसाकडे बघून कितपत हसायचं हे शिकवलं. त्या काळात मी स्वतः विमानात पाऊलही ठेवलेलं नव्हतं. पण आपल्याकडे संसार कसा करावा हे ब्रह्मचारी महाराज सांगतात आणि लोक माना डोलावतात, त्यामुळे माझंही चालून गेलं.

मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले होते. आम्ही मूळचे खानदेशातले. वडील सुरतेतल्याच उधन्याच्या कापड गिरणीत, पुढे नवराही तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर. घरात अहिराणी, शाळेत मराठी, ऑफिसात गुजराती, आणि विमान कंपनीच्या साहेबाचा फोन आला की हिंदी. मालक जयंतीशेठ. माणूस वाईट नव्हता. फक्त गिऱ्हाईक म्हणजे जो तिकिटाचे पैसे देतो तो, आणि जी विमानात बसते ती म्हणजे सामान, अशी त्यांची साधी समजूत होती.

मला टायपिंगवरून उठवून ‘लेडीज टेबल’वर बसवलं गेलं ते मंजुळाबेनमुळे. त्या लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला निघाल्या होत्या. वाटेत एकदा विमान बदलायचं होतं. निघताना घरच्या झाडून सगळ्या पुरुषांनी त्यांना एकच मंत्र दिला, कुणाशी बोलायचं नाही. बाईंनी तो शब्दशः पाळला. मधल्या विमानतळावर त्या चुकीच्या गेटवर जपमाळ घेऊन बसल्या, कारण बरोबर गेट कुठलं हे विचारणं म्हणजे परक्याशी बोलणं झालं असतं. लाउडस्पीकरवरून त्यांच्या नावाचा पुकारा सुरू झाला. पुन्हा पुन्हा झाला. बाईंनी पदर आणखी पुढे ओढून घेतला. विमान गेलं. परत आल्यावर शेठनी कपाळाला हात लावून विचारलं, तर त्या ठसक्यात म्हणाल्या, “पारको मरद मारुं नाम लईने बूम पाडे, ने हुं जवाब आपुं?” म्हणजे परका पुरुष माझं नाव घेऊन ओरडतोय आणि मी त्याला ओ देऊ? घरच्यांनीही त्यांचंच बरोबर म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या तिकिटाचा खर्च आमच्या माथी मारायला बघितला. तेव्हा शेठना साक्षात्कार झाला की बायकांना बाईनं समजावलं पाहिजे. ऑफिसात बाई मी एकटीच होते.

मग कोपऱ्यात पडदा लावून माझं टेबल मांडलं गेलं. शेठनी मला बोलायचे मुद्देही दिले. अंगावर सोनं घालू नका. अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ नका. टॅक्सीत एकट्या बसू नका. आणि शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं, पासपोर्ट आणि परतीचं तिकीट तिथे पोचल्याबरोबर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ताब्यात द्या.

आता ‘एकटी’ या शब्दाचा अर्थ सुरतेच्या बाहेरच्यांना सांगितला पाहिजे. आमच्याकडे बाई एकटी परदेशी निघाली की तिला मुंबईच्या विमानतळावर सोडायला आख्खी बस ठरायची. सासर एका बाजूला, माहेर दुसऱ्या बाजूला, मध्ये थेपल्यांचे डबे. कुंकू, हार, हातात नारळ, दही-साखर, फोटो. काचेच्या दारापर्यंत आत्या-मामींचं सल्ल्यांचं पारायण. परदेशात उतरून तिथल्या काचेच्या दाराबाहेर आल्यावर त्याच सगळ्या मंडळींचे पुतणे, भाचे, व्याही घ्यायला हजर. बाई खरी एकटी असायची ती फक्त हवेत. सगळी भीती मात्र त्या हवेतल्या तासांची. तिथे बिचारीला काय धोका? जेवण बसल्या जागी येतं आणि कुणी पोळ्या लाटायला सांगत नाही.

टेबलावर बसून, परत आलेल्या बायकांशी गप्पा मारून, माझ्या एक गोष्ट लक्षात आली. परक्या माणसानं त्रास दिल्याचं फार कुणी सांगत नसे. परके लोक बॅगा उचलून देत, रस्ता दाखवत, ‘थँक्यू’ म्हटलं की खूश होत. अडचण व्हायची ती आपल्या माणसांपाशी पोचल्यानंतर. आपल्याकडे नवी सून घरात आली की तिचे दागिने सासूच्या कपाटात जातात, सुरक्षित राहावेत म्हणून. त्याच रीतीनं पासपोर्टही जायचा. तिकीटही जायचं. महिन्यासाठी गेलेली आई मग वर्षभर नातवंडं सांभाळायची, कारण तिकीट कपाटात आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. वाईट कुणीच नसायचं. सगळं सुरक्षित असायचं, बाईसकट.

म्हणून मी पडद्याआड माझा एक मुद्दा घुसडला. पासपोर्ट म्हणजे दागिना नव्हे, तो स्वतःजवळ ठेवायचा. आणि देऊन बसला असाल तर एकटीनं, स्वयंपाकघरात, हळू आवाजात परत मागू नका. एकटीनं मागितलं की ‘उद्या बघू’ म्हणतात. चारचौघांत मागा. शेठच्या कानावर गेलं तेव्हा ते चष्मा काढून म्हणाले, “उषाबेन, तमे टिकिट वेचो छो के बळवो करावो छो?” तिकिटं विकतेस की बंड करवतेस, असा सवाल. मी म्हटलं, तिकीट जाण्याचं विकलं तसं येण्याचंही विकलंय ना आपण?

माझा स्वतःचा पासपोर्टही त्याच सुमारास निघाला. ट्रॅव्हल ऑफिसच्या लोकांना विमान कंपन्या कधीमधी फुकट फिरवून आणतात. शेठनी एक वर्ष माझं नाव सिंगापूरसाठी दिलं. घरी हे म्हणाले, “एकटी कशाला?” सासूबाई म्हणाल्या, “तिथे काय ठेवलंय?” पासपोर्ट नीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवण्यात आला. सिंगापूर पुढच्या वर्षावर गेलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा पुढच्या. पडद्याआडून मात्र मी जगाला सल्ले देतच होते.

मग आमच्या गल्लीतल्या यमुनाबाईंचं प्रकरण घडलं.

यमुनाबाई बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावून न्हाऊ घालायच्या. नवरा दगडूभाऊ उधन्यात लूमवर. माझ्या मुलाला त्यांनीच न्हाऊ घातलं होतं, आणि त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर शहाण्यासारखं झोपतं अशी ख्याती थेट अठवालाईन्सच्या बंगल्यांपर्यंत पोचली होती. अशाच एका हिरेवाल्या कुटुंबाची सून बेल्जियममध्ये, अँटवर्पला बाळंत होणार होती. सासू मोटीबेन आधीच तिथे जाऊन बसल्या होत्या. डॉक्टर तिकडचे चालतील, पण मालीश करणारी सुरतेचीच हवी, असा त्यांचा हट्ट. संक्रांतीनंतर यमुनाबाईंनी जायचं आणि होळीला परत यायचं असं ठरलं. त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर धरलं होतं. जाण्यासाठी त्यांनी घातलेली अट एवढीच, की लग्नाच्या आधी मला घरी पोचवा. मोटीबेननी फोनवरून देवाची शपथ घेऊन हो म्हटलं.

मी त्यांना पडद्याआड बसवलं. अहिराणीत मावशीलाही ‘तू’च म्हणतात, तेव्हा आमचं बोलणं घरच्यासारखं चालायचं. पट्टा, संडास, शाकाहारी जेवण, सगळं सांगून झालं. लाउडस्पीकरवर तुझं नाव ऐकू आलं तर लाजू नकोस, उठून हात वर कर, हेही सांगितलं. त्यांनी हसून हसून डोळे पुसले. मग म्हणाल्या, “बाई, तठे मनं कोन शे?” तिथे माझं कोण आहे. मी पासपोर्टचा मुद्दा सांगितला, चारचौघांत मागायचं तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

होळी झाली. यमुनाबाई आल्या नाहीत. दगडूभाऊ बंगल्यावर चौकशीला गेले तर त्यांना चहा पाजून सांगण्यात आलं की ती तिथे फार मजेत आहे, तिलाच यायचं नाहीये. फोन जोडून दिला तर यमुनाबाई म्हणाल्या, “समदं चांगलं शे,” आणि फोन बंद झाला. लग्नाला बायको राहील की नाही या काळजीत दगडूभाऊ पाळी सोडून आमच्या ऑफिसच्या बाकावर येऊन बसले. “बाई, ती असं कव्हय बोलस नई,” ते सारखं म्हणत होते, ती असं कधी बोलत नाही. शेजारच्या म्हशीबद्दलसुद्धा सविस्तर बोलणारी बायको दोन शब्दांत कशी आटपली, हे त्यांना कळत नव्हतं. मला कळलं. समोर कुणीतरी उभं असणार.

आमच्या धंद्यात त्या काळी एक सोय होती. परतीचं तिकीट असलं तरी निघायच्या आधी विमान कंपनीला फोन करून ‘येतोय बरं का’ असं पुन्हा पक्कं करावं लागायचं. त्या निमित्तानं मी ऑफिसातून अँटवर्पला फोन लावला. मोटीबेननी घेतला. “अरे बेन, ए तो अहीं बहु खुश छे,” त्या म्हणाल्या, ती इथे फार खुशीत आहे. तारीख पुढे ढकला, व्हिसाही आम्ही वाढवून घेऊ. बाळ तिच्या हाताशिवाय झोपत नाही. शिवाय इमारतीत आणखी दोन बाळंतिणी आहेत, त्यांच्याकडेही ती जाते. साखर-चहापत्ती शेजारी द्यावी तशी त्यांनी यमुनाबाई दिली होती, आणि हे सांगताना स्वतःच्या मोठेपणानं त्यांचा गळा भरून आला होता. मी माझा सगळ्यात सरकारी आवाज काढून सांगितलं की तारीख बदलायची तर पॅसेंजरनं स्वतः बोलावं लागतं. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण माणसं नियमाला जेवढी भितात तेवढी शपथेला भीत नाहीत.

यमुनाबाई फोनवर आल्या. मी अहिराणीत सुरू केलं. मोटीबेनना गुजराती, हिंदी, थोडी फ्रेंचही येत असेल, पण अहिराणी शिकायला अँटवर्पला सोय नव्हती.

“मावशी, पासपोर्ट कोठे शे?”

“कपाटमा.”

“किल्ली?”

“म्हातारीनी कंबरले.”

“तुले घर येवानं शे ना?”

“मनी आंडेरनं लगीन शे, बाई. माय नई तं कशानं लगीन?” लेकीचं लग्न, आणि आईच नाही तर कसलं लग्न. शेठ समोरून हातानं ‘आवरा, आवरा’ करत होते, अँटवर्पचा फोन म्हणजे मीटर पळत असतं.

“तठे चार लोके कव्हय येतस?”

“आईतवारे. पोऱ्याले देखाले समदा येतस.”

“मंग तव्हयच मांग,” तेव्हाच माग असं मी म्हटलं, आणि फोन कट झाला.

पुढे काय झालं ते मला त्यांच्याच तोंडून कळलं. रविवारी अँटवर्पमधली सगळी सुरती मंडळी बाळाला बघायला जमली. घरच्या स्वयंपाकी महाराजांनी उंधियू केला होता. जेवणं झाली, बाळाचं कौतुक झालं, मग मोटीबेन यमुनाबाईंच्या हाताचं कौतुक सांगू लागल्या. त्या बोलत असतानाच यमुनाबाई पुढे आल्या, त्यांच्यासमोर गालिच्यावर मांडी घालून बसल्या आणि पदर पसरला. मोडक्यातोडक्या गुजरातीत म्हणाल्या, माझी न्हाणी संपली, आता माझी ओटी भरा आणि मला निरोप द्या.

ही आमच्याकडची रीत. न्हाऊ घालणारीची शेवटच्या दिवशी ओटी भरून पाठवणी करतात, ती तृप्त होऊन उठली पाहिजे. ती नाराज होऊन उठली तर बाळाला लागतं, असं म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण नातवाच्या बाबतीत हा प्रयोग करून बघायला कुठलीही आजी तयार नसते. मोटीबेननी हौसेनं ओटीत साडी घातली, नारळ घातला, तांदूळ घातले, वर पाकीटही ठेवलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. यमुनाबाई उठल्या नाहीत. पदर तसाच धरून बसल्या.

“हवे शुं?” मोटीबेननी विचारलं. आता आणखी काय?

“पासपोर्ट. ने टिकिट.”

मोटीबेन हसत म्हणाल्या, उद्या देते. यमुनाबाई म्हणाल्या, मग मी उद्यापर्यंत बसते, ओटी अर्धी टाकून उठायचं नसतं. बाळ नेमकं तेव्हा रडायला लागलं. शेवटी कोपऱ्यातले एक म्हातारे काका वैतागून म्हणाले, “आपी दो ने! छोकराने नजर लगाडवी छे?” देऊन टाका, पोराला दृष्ट लावून घ्यायचीय का. मोटीबेननी कमरेची किल्ली काढली. नारळ आणि तांदळावर पासपोर्ट पडला, त्यावर तिकीट पडलं, तेव्हा कुठे यमुनाबाई उठल्या. उठून आधी त्यांनी रडणारं बाळ उचललं आणि शांत केलं.

तिकीट पक्कं करायला मोटीबेनचाच फोन आला. फोन ठेवून जयंतीशेठ ऑफिसभर सांगत सुटले की आपल्याकडे गिऱ्हाइकाला जाण्यापासून येण्यापर्यंत पूर्ण सेवा मिळते, आणि ती सगळी कल्पना पहिल्यापासून त्यांचीच होती.

आखाजीच्या आधी यमुनाबाई परतल्या. त्या ऑफिसात लग्नाचं आवतण द्यायला आल्या तेव्हा मी उठून त्यांना मिठीच मारली. त्यांनी खुर्चीवर बसून पदरानं घाम पुसला, पंख्याकडे बघितलं, माझ्या पडद्याकडे बघितलं. म्हणाल्या, “बाई, तू समद्यास्ले सांगस. तुना पासपोर्ट कोठे शे?”

मी म्हटलं, “कपाटात.”

“किल्ली?”

मी पाणी आणायला उठले. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, “लगीनले सासूले लिसन ये.” सासूला घेऊन ये.

लग्न उधन्यातच, आमच्या गल्लीच्या तोंडाशी मांडव घालून झालं. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचून आल्या होत्या. कपाट घरी असलं तरी किल्ली त्या कुठेही सोडत नसत. पंगती उठल्यावर यमुनाबाई आलेल्या सवाष्णींच्या ओट्या भरू लागल्या. माझी पाळी आली. नारळ पडला, खण पडला. मग त्या माझ्या सासूबाईंकडे वळल्या आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आजी, तुना नातूले न्हाऊ घालं त्याना मना मान बाकी शे. आते तो इनी ओटीमा टाक.” नातवाला न्हाऊ घातल्याचा माझा मान बाकी आहे, तो आता हिच्या ओटीत टाक.

बायका सरकून जवळ आल्या. दगडूभाऊ जावयाला सोडून बघायला आले. आमचे हे मठ्ठ्याचं भांडं हातात धरून जागच्या जागी थांबले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. ही वेळ उठून ‘चला, उशीर झाला’ म्हणायची होती, इतकी वर्षं मी तेच म्हणत आले होते. मी उठले नाही. पदर घट्ट धरला आणि म्हटलं, “आई, माझा पासपोर्ट.”

सासूबाईंनी जुडग्यातली एक किल्ली सोडवली, तिला उगाच फुंकर मारली आणि माझ्या नारळाशेजारी टाकली. “घे बाई,” त्या म्हणाल्या, “पण येताना माझ्यासाठी तो लवंगेच्या वासाचा बाम घेऊन ये. शेजारची पाटलीण सांगत होती, तिकडे मिळतो.” तिथे काय ठेवलंय हे त्यांना इतकी वर्षं नीट ठाऊक होतं.

मी सिंगापूरला गेले. मला पोचवायला बस आली होती, हे सांगायला नकोच. बायकांनी एकटीनं प्रवास करताना घ्यायच्या काळजीबद्दल आता एवढंच सांगते, की ती सगळी मला तोंडपाठ होती. तरीही परतीच्या दिवशी मी बाम शोधत शोधत भलत्याच गेटवर जाऊन बसले. बाजूला एक चिनी आजी विणत बसली होती, तिला सासूबाईंचा बाम दाखवत होते. तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला आणि एक परका पुरुष माझं नाव घेऊन पुकारा करू लागला. नाव त्यानं पार चेपून टाकलं होतं, पण माझंच होतं. सगळे इकडेतिकडे बघायला लागले. मी उभी राहिले, पासपोर्ट धरलेला हात वर केला आणि छताकडे बघून उधन्याच्या गल्लीत देतात तशी खणखणीत ‘ओ’ दिली.